न्यूट्रलमध्यें चालणारें वाहन व त्याची गिअरपेटी

आपल्या संघाच्या सभासदांपैकीं बहुतेकांच्या दारीं आतां बैलजोडीच्या जागीं ट्रॅक्टर, पिकअप अथवा जीप यांपैकीं एखादें वाहन उभें असतें, आणि कांहींच्या दारीं तर तिन्ही असतात. या वाहनांची निगा कशी राखावी याविषयीं जितकीं मतें ऐकूं येतात, तितकीं पिकांवरील रोगांविषयींही ऐकूं येत नाहींत. त्यांतल्या त्यांत एक वाद असा आहे कीं, तो चावडीपासून साखर कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत सर्वत्र चालतो आणि दोन्ही पक्ष आपापल्या जागीं ठाम असतात. वाद हा कीं, वाहन न्यूट्रलमध्यें ठेवून चालूं दिलें, मग तें उतारावरून आपोआप चालो कीं दुसऱ्या वाहनाच्या दोरानें ओढलें जावो, तर त्याच्या गिअरपेटीस इजा होते कीं नाहीं. एक पक्ष म्हणतो, न्यूट्रल म्हणजे सर्व सुटें. जें सुटें आहे तें झिजणार कसें? दुसरा पक्ष म्हणतो, न्यूट्रलमध्यें गाडी हातभर ढकलली तरी गिअरबॉक्स गेलाच म्हणून समजा. हे दोन्ही पक्ष अर्धवट बरोबर आहेत, आणि अर्धवट बरोबर असणारा मनुष्य वादांत लवकर हटत नाहीं.

प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. यंत्रांचे भाग सांगतांना मिस्त्री लोकांच्या तोंडीं जे शब्द आहेत तेच ठेविले आहेत. क्लचला संस्कृत नांव दिल्यानें क्लच सुधारत नाहीं, वाचकाची मात्र पंचाईत होते.

प्रथम न्यूट्रल म्हणजे काय, हें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. हातानें गिअर बदलावयाच्या साध्या पिकअपची अथवा जीपची गिअरपेटी घ्या. तिच्यांत मुख्यतः तीन शाफ्ट असतात. पहिला क्लचकडून पेटींत येतो. त्यास इनपुट शाफ्ट म्हणतात. त्याच्याच सरळ रेषेंत मागें दुसरा असतो, तो मेनशाफ्ट; हा पेटींतून बाहेर पडून प्रॉपेलर शाफ्टच्या द्वारें मागच्या चाकांस जोडलेला असतो. या दोहोंच्या खालीं, त्यांस समांतर असा तिसरा शाफ्ट असतो, त्यास लेशाफ्ट म्हणतात. इनपुट शाफ्टवरील दांतेरी चाक लेशाफ्टच्या एका चाकांत सदैव अडकलेलें असतें. लेशाफ्टचीं इतर चाकें मेनशाफ्टवरील चाकांत अडकलेलीं असतात. परंतु मेनशाफ्टवरील हीं चाकें शाफ्टला पक्कीं बसविलेलीं नसून, सुयांसारख्या बारीक रोलरांच्या बेअरिंगांवर मोकळीं फिरूं शकतात. आपण गिअर टाकतों तेव्हां एक सरकती कडी त्यांपैकीं एका चाकास मेनशाफ्टशीं जखडते, आणि मग एंजिनाचें बळ चाकांपर्यंत पोहोंचतें. न्यूट्रलमध्यें यांपैकीं कोणतेंही चाक जखडलेलें नसतें, इतकेंच.

यावरून दिसून येईल कीं, न्यूट्रलमध्यें 'सर्व सुटें' हें म्हणणें खरें नव्हे. सुटलेला असतो तो दुवा एकच. रस्त्यावर चाकें फिरूं लागलीं कीं डिफरन्शिअल फिरतें, प्रॉपेलर शाफ्ट फिरतो आणि त्याच्याबरोबर मेनशाफ्टही फिरतो. तो गिअर टाकलेला आहे कीं नाहीं याची वाट पाहत नाहीं. थांबतो तो लेशाफ्ट, आणि तोही एंजिन बंद असेल तरच.

आतां वंगणाकडे वळूं, कारण या साऱ्या वादाचें मूळ तेथें आहे. बैलगाडीच्या आंसास वंगण नसेल तर गाडी शिवेवरूनच करकर वाजूं लागे आणि घरधन्यास कळे. गिअरपेटी वाजते, पण उशिरा. तिच्या तळाशीं तेल भरलेलें असतें. तें वरच्या शाफ्टापर्यंत चढविण्यास अशा साध्या पेटींत सहसा पंप नसतो. लेशाफ्टचीं चाकें तेलांत बुडालेलीं असतात; तीं फिरूं लागलीं म्हणजे तेल वर उडवितात आणि तें मेनशाफ्टच्या बेअरिंगांवर पडतें. रहाटगाडग्याची हीच रीत नव्हे काय? चाक फिरत आहे तोंवर पाटाला पाणी आहे. बैल थांबला कीं विहीर कांठोकांठ भरलेली असली तरी पाट कोरडा. लेशाफ्ट हें गिअरपेटीचें रहाटगाडगें होय.

म्हणून प्रश्न 'न्यूट्रलमध्यें इजा होते काय' असा न विचारतां 'त्या वेळीं लेशाफ्ट फिरत आहे काय' असा विचारावा. एंजिन चालू आहे, क्लचवर पाय नाहीं आणि गाडी न्यूट्रलमध्यें उतरत आहे, अशा वेळीं एंजिन इनपुट शाफ्टास फिरवितें, तो लेशाफ्टास फिरवितो, आणि तेल उडत राहतें. गिअरपेटीस त्यापासून कांहीं अपाय नाहीं. (जिवास अपाय आहे, त्याविषयीं पुढें लिहूं.) याच्या उलट एंजिन बंद आहे आणि गाडी दोरानें ओढली जात आहे, तेव्हां मेनशाफ्ट वेगानें फिरतो व लेशाफ्ट स्वस्थ असतो. पेटींत तेल आहे, पण तें वर जात नाहीं.

यांत सर्वांत अधिक हाल एका लहानशा बेअरिंगचे होतात. मेनशाफ्टचें पुढचें टोंक इनपुट शाफ्टच्या मागील पोकळींत एका रोलर बेअरिंगवर टेकलेलें असतें. पुष्कळ जीप व पिकअप यांत चौथा गिअर थेट असतो, म्हणजे त्यांत इनपुट शाफ्ट व मेनशाफ्ट एकजीव होऊन एकाच वेगानें फिरतात. त्या वेळीं या बेअरिंगास कामच नसतें. परंतु ओढतांना इनपुट शाफ्ट जागच्या जागीं उभा आणि मेनशाफ्ट त्याच्या पोटांत पूर्ण वेगानें फिरत असतो. जें बेअरिंग एरवीं दिवसाचा बराच भाग विसांवा घेतें, त्यालाच तेल नसतांना सर्वांत जास्त धांवावें लागतें. मेनशाफ्टवरील मोकळ्या चाकांच्या सुयांची अवस्थाही थोड्याफार फरकानें अशीच.

तथापि हें वाचून कोणीं घाबरून जाऊं नये. पेटींत त्या वेळीं ओझें जवळजवळ नसतें, आणि बेअरिंगांवर पूर्वीच्या तेलाची ओल कांहीं काळ टिकते. शेतांतून रस्त्यावर, रस्त्यावरून गॅरेजपर्यंत, सावकाश चार-दोन किलोमीटर ओढल्यानें चांगल्या पेटीस कांहीं होत नाहीं. हातानें ढकलल्यानें तर कोणत्याही जातीच्या पेटीस होत नाहीं. नुकसान होतें तें वेग आणि अंतर या दोहोंची गांठ पडल्यानें; आणि त्यांत तेल कमी असेल तर मग विचारूंच नये.

या शेवटच्या गोष्टीचें उदाहरण आमच्या पाहण्यांत आहे. शेजारच्या गांवच्या एका बागाइतदाराची पिकअप कांद्याचा माल उतरवून परततांना वाटेंत बंद पडली. त्याच गांवचा दुसरा एक गृहस्थ रिकामा टेंपो घेऊन मागून येत होता. त्यानें शेजारधर्म म्हणून दोर बांधला, आणि पिकअप न्यूट्रलमध्यें ठेवून सुमारें ७० किलोमीटर, कोठेंही न थांबतां, हमरस्त्याच्या वेगानें गांवीं आणिली. एंजिनाचा दोष किरकोळ निघाला व दुरुस्त झाला. परंतु आठ दिवसांच्या आंत गिअरपेटींतून घरघर ऐकूं येऊं लागली. पेटी खोलावी लागली. खर्चाचा आंकडा कळतांच मालकानें टेंपोवाल्याकडे अर्धा खर्च मागितला. टेंपोवाला म्हणाला, गाडी न्यूट्रलमध्यें होती, तींत बिघडण्यासारखें फिरतच काय होतें? दोघे नात्यानें चुलतभाऊ. बोलणें बंद झालें, एका बांधावरील सामाईक विहिरीची पाळी मोडली, आणि उभ्या कांद्याच्या रोपास पाणी मिळेना, येथवर गोष्ट गेली.

आम्ही महसूल खात्यांत कारकून होतों, मिस्त्री नव्हे. पण पंचनाम्याची एक शिस्त अंगीं मुरलेली आहे: प्रथम जागा पाहावी, मग जबाब घ्यावे. दोघांस घेऊन गॅरेजांत गेलों आणि मिस्त्रीस म्हटलें, वाद नको, काढलेलें सामान दाखवा. पुढच्या टोंकाच्या त्या लहान बेअरिंगचे रोलर तापून निळे पडले होते. दोन चाकांच्या सुयांचे पिंजरे तुटले होते. दांते मात्र नव्यासारखे होते. यावरून पेटी ओझ्यानें गेलेली नसून कोरडेपणानें गेली, हें उघड झालें. नंतर आम्हीं तेलाविषयीं विचारलें. मिस्त्रीनें पेटींतून काढलेलें तेल वेगळें ठेविलें होतें. तें मापलें तों पुस्तिकेंत दिलेल्या मापाच्या निम्म्याहून कमी भरलें. पेटीच्या मागच्या सीलभोंवतीं तेलांत भिजलेल्या धुळीचा जाड थर होता. असा थर एका प्रवासांत बसत नाहीं. गळती कित्येक महिन्यांची होती.

तेव्हां टेंपोवाल्याचें 'फिरतच काय होतें' हें म्हणणें चुकीचें ठरलें, आणि मालकाचें 'ओढल्यामुळेंच गेली' हेंही पुरतें खरें ठरलें नाहीं. तेल कमी असूनही रोजचें काम चाललें होतें, कारण एंजिन चालू असतां लेशाफ्ट उरलेलें तेल तरी उडवीत होता. दोरावर आल्यावर तेंही थांबलें. आमचें मत आम्हीं दोघांसमक्ष सांगितलें कीं, ज्याच्या हातीं त्या गाडीचें स्टिअरिंग होतें आणि ज्याच्या घरीं त्या गाडीची पुस्तिका होती, त्यानेंच वेग व अंतर ठरवावयास हवें होतें. मदतीस आलेल्याकडून खर्च मागणें रास्त नव्हे. तें मालकास त्या दिवशीं रुचलें नाहीं. विहिरीची पाळी पुढें पंधरा दिवसांनीं सुरळीत झाली, ती त्याच्या आईच्या बोलण्यानें झाली, आमच्या पंचनाम्यानें नव्हे.

मोटारगाड्यांपैकीं ज्यांचीं पुढचीं चाकें ओढतात, त्यांची रचना थोडी निराळी असते. त्यांत गिअरपेटी व डिफरन्शिअल एकाच घरांत असून, चाकें फिरलीं कीं डिफरन्शिअलचें मोठें दांतेरी चाक त्याच तेलांत फिरतें व तेल उडवितें. म्हणून हातगिअरची अशी गाडी न्यूट्रलमध्यें ओढण्यास सहसा हरकत नसते.

ट्रॅक्टराची गोष्ट अधिक विस्तारानें सांगितली पाहिजे, कारण ट्रॅक्टर ओढून नेण्याचा प्रसंग आपल्यावर वरचेवर येतो. बहुतेक ट्रॅक्टरांत गिअरपेटी, डिफरन्शिअल व हायड्रॉलिक यांचें तेल एकाच मोठ्या घरांत असतें. मागचीं मोठीं चाकें फिरलीं कीं आंतील क्राउन व्हील तेलांत फिरतें, त्यामुळें मागच्या भागास वंगण मिळतें. पुढच्या भागाविषयीं तशी खात्री देतां येत नाहीं. परंतु येथें खरा शत्रु वेग हा आहे. थोडें गणित करूं. मागच्या टायरचा परीघ ४ मीटर धरला, आणि ट्रॅक्टर ताशी ३० किलोमीटर चालला, तर मिनिटास ५०० मीटर, म्हणजे टायरचे १२५ फेरे झाले. चाकापासून आंतल्या पिनियन शाफ्टपर्यंत वेग १५ पट वाढतो असें समजूं. तर पिनियन शाफ्टचे मिनिटास १,८७५ फेरे होतात. एवढे फेरे तो वरच्या गिअरांत नेहमींच करतो, त्याची चिंता नाहीं. पण तोच ट्रॅक्टर ट्रकामागें बांधून ताशी ५० किलोमीटरनें ओढला, तर फेरे ३,१२५ होतात. ज्या वेगाकरितां तो शाफ्ट, त्याचीं बेअरिंगें आणि त्यांचें वंगण योजिलेलें नाहीं, त्या वेगानें त्यास तासभर पिटाळणें म्हणजे नांगराच्या बैलास शंकरपटांत धांवडविण्यासारखें आहे. शिवाय ट्रॅक्टराचे टायरही त्या वेगाचे नसतात.

ज्या ट्रॅक्टरांत हाय-लोच्या दांड्यासही मधली मोकळी जागा असते, त्यांत ओढतांना मुख्य गिअर आणि हाय-लो हे दोन्ही दांडे मोकळ्यावर ठेवावे. कांहीं ट्रॅक्टरांत पीटीओ चाकांच्या वेगावर चालविण्याची सोय असते. तो दांडा तसाच टाकलेला राहिला तर ओढतांना मागचा पीटीओ शाफ्ट आपोआप फिरूं लागतो. मागें अवजार जोडलेलें असेल आणि पोर त्यावर बसलें असेल तर काय होईल तें सांगावयास नको. नव्या महागड्या ट्रॅक्टरांत पुढें-मागें जाण्याचा दांडा तेलाच्या दाबावर चालतो, आणि कित्येकांत वंगणही पंपाच्या दाबानेंच पोहोंचतें. तो पंप एंजिन फिरवितें. एंजिन बंद असतां असा ट्रॅक्टर ओढण्यापूर्वीं पुस्तिकेंतील वेगाची मर्यादा पाहिल्यावांचून दोराला हात लावूं नये.

आतां स्वयंचलित गिअरच्या, म्हणजे ज्यास लोक ऑटोमॅटिक म्हणतात, त्या गाड्या. शेतकऱ्यांच्या मुलांकडे आतां याही येऊं लागल्या आहेत. यांच्या बाबतींत मात्र 'हातभर ढकलली तरी गेली' म्हणणारा पक्ष सत्याच्या अधिक जवळ आहे, जरी हातभर ढकलण्यास कांहींच हरकत नसते. या पेटींत दांतेरी चाकांच्या जुड्या आणि क्लचच्या चकत्या असून, त्या सर्वांस तेल एका पंपाच्या दाबानें मिळतें, आणि तो पंप एंजिनाकडून फिरतो. एंजिन बंद झालें कीं पंप बंद, दाब नाहीं, वंगण नाहीं. गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून ओढली तर आंतील भाग कोरडेच एकमेकांवर फिरतात. अमेरिकेंत ओल्ड्समोबिल कंपनीनें १९४० सालच्या मोटारींत हायड्रामॅटिक नांवाची जी पेटी दिली, तींत पुढें एक व मागें एक असे दोन पंप होते. मागचा पंप चाकांकडून फिरे, म्हणून एंजिन बंद असतांही कांहीं तेल मिळे. पुढें १९६० नंतरच्या दशकांत बहुतेक कंपन्यांनीं मागचा पंप काढून टाकिला. तेव्हांपासून अशा गाडीचीं ओढणारीं चाकें जमिनीवरून उचलून, अथवा सबंध गाडी सपाट ट्रकावर चढवून नेणें हाच सुरक्षित मार्ग आहे. पट्टा व पुली यांवर चालणाऱ्या सीव्हीटी जातीच्या पेटीसही हाच नियम लावावा.

येथें एका घोटाळ्याचा खुलासा करणें अवश्य आहे. आपल्याकडे २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओ गाडीबरोबर एएमटी नांवाची पेटी आली व पुढें ती पुष्कळ लहान गाड्यांत बसविण्यांत आली. तिला क्लचचें पेडल नसतें, म्हणून लोक तिलाही ऑटोमॅटिकच म्हणतात. पण आंत ती हातगिअरचीच पेटी असते. फक्त आपल्या पायाचें व हाताचें काम यंत्र करतें. म्हणून न्यूट्रलमध्यें असल्यास ती हातगिअरच्या गाडीसारखीच ओढतां येते. अडचण इतकीच कीं, बॅटरी पूर्ण उतरली आणि गाडी गिअरांत उभी असेल तर ती न्यूट्रलवर येतच नाहीं, आणि मग चाकें उचलण्यावांचून उपाय राहत नाहीं. विजेवर चालणाऱ्या गाडींत तर मोटर चाकांस कायमची जोडलेली असते. ती ओढली कीं मोटर फिरून वीज निर्माण करूं लागते. ती सबंध ट्रकावरच न्यावी.

इतका वेळ एंजिन बंद असतां ओढण्याविषयीं लिहिलें. आतां उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें सोडून डिझेल वांचविण्याची जी रीत आहे तिच्याविषयीं. आमच्या मतें या विषयांतील सर्वांत घातक समजूत हीच होय. एंजिन चालू असल्यास गिअरपेटीस त्यानें कांहीं होत नाहीं हें वर आलेंच आहे. आणि म्हणूनच ही संवय टिकून राहिली, कारण ती लगेच शिक्षा करीत नाहीं.

पहिली गोष्ट, घाटांत अशा रीतीनें डिझेल वांचतच नाहीं. गाडी गिअरांत असून ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला म्हणजे चाकेंच एंजिनास फिरवितात. अशा वेळीं जुन्या डिझेल पंपाचा गव्हर्नर, किंवा नव्या गाडींतील संगणक, इंधन बंद करतो. न्यूट्रलमध्यें मात्र एंजिनास स्वतःच्या बळावर फिरत राहावें लागतें, म्हणून तें थोडें कां होईना इंधन पितेंच. मंद उतारावर गिअरांतली गाडी लवकर मंदावते व न्यूट्रलमधली लांब जाते, हें खरें. परंतु तेवढ्यावरून घाटाचा हिशेब मांडूं नये. कार्ब्युरेटरच्या जुन्या पेट्रोल गाड्यांत इंधन बंद करण्याची ही सोय नव्हती. समजूत तेथूनच पसरली असावी.

दुसरी गोष्ट ब्रेकांची. ट्रॅक्टर व उसानें भरलेल्या दोन ट्रॉल्या मिळून १५ टन वजन धरूं. हें वजन १०० मीटर खालीं उतरलें तर त्यापासून जी शक्ति बाहेर पडते, ती ४५ लिटर गार पाणी उकळी फुटेपर्यंत तापविण्यास पुरेल. गिअरांत असतां तिचा मोठा भाग एंजिन पचवितें. न्यूट्रलमध्यें ती बहुतेक सगळी ब्रेकांत उतरते. आणि ट्रॉलीला ब्रेक नसेल तर केवळ ट्रॅक्टराच्या ब्रेकांत. ब्रेक तापले कीं त्यांची पकड सुटत जाते, पेडल पूर्ण दाबलें तरी गाडी ऐकत नाहीं. ज्यांनीं एंजिनही बंद केलेलें असतें त्यांची स्थिति याहून वाईट. ब्रेकास मदत करणारा व्हॅक्युम दोन-चार वेळां पेडल दाबतांच संपतो, वाऱ्याच्या ब्रेकांचा कॉम्प्रेसर थांबतो, पॉवर स्टिअरिंग जड होतें, आणि किल्ली बाहेर ओढली तर स्टिअरिंग अडकूनच बसतें. पुण्याजवळ नव्या कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजीं त्या उतारावर एका अवजड वाहनानें कित्येक गाड्यांस चिरडीत नेलें. चालकानें उतारावर एंजिन बंद ठेविलें होतें, असें त्या वेळीं पोलिसांकडून सांगण्यांत आलें.

तिसरी गोष्ट, आणि हीच ट्रॅक्टरवाल्यांनीं विशेष लक्षांत ठेवावी, ती परत गिअर टाकण्याची. पिकअपच्या पेटींत सिंक्रोमेश असतो. तो सरकत्या कडीचा व चाकाचा वेग जुळवून घेतो, म्हणून धांवत्या गाडींतही गिअर पडतो. पुष्कळ ट्रॅक्टरांत तो नसतो. उतारावर एकदां न्यूट्रल केला आणि ट्रॉलीच्या रेट्यानें वेग वाढला, कीं गिअर पुन्हां पडत नाहीं. दांते दांत्यांवर खरखरतात, आणि चालकाचा एक हात व सगळें लक्ष दांड्यांत गुंतून पडतें. गिअरपेटीस इजा होते ती येथें, न्यूट्रलमध्यें नव्हे. न्यूट्रलमधून बाहेर पडण्याच्या धडपडींत.

याचीच सख्खी बहीण म्हणजे गिअर तसाच ठेवून क्लच दाबून उतरणें. कांहीं जण यास न्यूट्रलपेक्षां बरें समजतात. समजा, ट्रॅक्टर पहिल्या गिअरांत २,००० फेऱ्यांवर ताशी २॥ किलोमीटर चालतो. क्लच दाबला आणि ट्रॉलीनें तो ताशी २० किलोमीटरपर्यंत रेटला, तर चाकांकडून क्लचची चकती आठपट, म्हणजे मिनिटास १६,००० फेऱ्यांनीं फिरूं लागेल. ती एवढा वेग सोशीत नाहीं. तिचें अस्तर फुटून तुकडे होतात. मग क्लच सोडला तरी एंजिनाचा अटकाव मिळत नाहीं. म्हणून ज्या गिअरांत तो चढ चढावा लागेल त्याच गिअरांत तो उतरावा, तो गिअर उतार लागण्यापूर्वीं टाकावा, आणि ट्रॅक्टराचे डावे-उजवे ब्रेक खिटी घालून एकत्र करावे.

राहतां राहिला प्रश्न, कीं जीप अथवा पिकअप खरोखरच लांबवर ओढून न्यावयाची असेल तर काय करावें. सर्वांत सोपा उपाय जुन्या मिस्त्रींस ठाऊक आहे: मागचा प्रॉपेलर शाफ्टच सोडवावा. डिफरन्शिअलच्या बाजूस फ्लँजला बहुधा चार बोल्ट असतात. ते काढले व शाफ्ट वेगळा केला, कीं चाकें खुशाल फिरोत, गिअरपेटीचा त्यांशीं संबंध राहत नाहीं. डिफरन्शिअलमध्यें स्वतःचें तेल असतें व तें चाकांबरोबर उडत राहतें. चारही चाकांवर चालणाऱ्या जीपचा दांडा दोन चाकांवर आणावा, आणि पुढच्या हबांस मोकळें करण्याची सोय असेल तर तेही मोकळे करावे. ज्यांस शाफ्ट काढणें जमत नाहीं त्यांनीं एंजिन चालूं शकत असेल तर तें मंदगतीनें चालू ठेवून ओढावें. तेंही शक्य नसेल तर वेग सायकलीच्या वेगाहून फारसा वाढूं देऊं नये व अधूनमधून थांबून पेटीवर हात ठेवून ती तापली कीं काय तें पाहावें. निघण्यापूर्वीं पेटीची तेलाची पातळी पाहण्यास बाजूचा बूच काढावा; बोटाच्या पहिल्या पेऱ्याला तेल लागलें नाहीं तर ओढण्याचा बेत रहित करावा. दोरापेक्षां लोखंडी दांडी बरी, कारण उतारावर दोर सैल पडून मागची गाडी पुढचीवर येते.

प्रॉपेलर शाफ्ट सोडवितांना दोन्ही फ्लँजांवर समोरासमोर छिन्नीची एकेक खूण करून ठेवावी आणि परत जोडतांना त्या खुणा जुळवाव्या, नाहीं तर शाफ्टचा तोल जाऊन गाडी हादरूं लागते. काढलेले बोल्ट फडक्यांत बांधून चालकाच्या बैठकीखालीं ठेवावे, आणि सुटा शाफ्ट बांधून न ठेवतां गाडीच्या हौद्यांत टाकावयाचा असेल तर पुढचा सरकता सांधा पेटींतून निघाल्यावर तेथून तेल सांडूं नये म्हणून त्या तोंडाशीं प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधावी.